पालनीची सुई

फागण लागला की उंबरपाड्यातल्या बायकांना लोळत पडणं परवडत नाही. पहाटेपासून मोहाची फुलं टपटपायला लागतात, आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचलं नाही, तर शेजाऱ्याच्या शेळ्या आधीच जेवायला बसलेल्या असतात. पण त्या दिवशी रूपाचं चित्त फुलांवर नव्हतं. वेचत होती खरी, पण चार फुलं टोपलीत टाकली की मान वर करून ओढ्याकडं बघत होती. ओढ्यावर तिचा नवरा गोवाल पालथा पडून पाणी पीत होता. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"वेच की गं! ओढ्यात काय सोनं वाहून आलंय?" सासूनं, दगूबाईनं, दरडावलं.

"फुई, तो परत पाण्याला आला."

"मग? बुध्या नाचतो, घाम गाळतो, पाणी पिणार नाही तर काय पिणार? आणि बघू नको तिकडं. तुझ्या नजरेनं सुद्धा पालनी मोडायची."

रूपानं मान खाली घातली. सासू तिची सख्खी आत्या, म्हणून ती लग्नाआधीपासून तिला फुईच म्हणत आली होती, आणि फुईपुढं तोंड उघडायची तिची फारशी छाती नव्हती.

पालनी म्हणजे पालनी, तिथं माझंतुझं नाही. होळीआधी पाच दिवस पाड्यातले नवसाचे पुरुष घरदार सोडून ओढ्यापलीकडच्या थोरल्या झाडाखाली राहायला जातात. अंगाला राख, राखेवर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरं. त्यांनाच बुध्या म्हणायचं. बुध्यानं खाटेवर बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, अंघोळ करायची नाही. एकदाच खायचं, तेही स्वतः शिजवून. आणि बाईचा हात लावून घ्यायचा नाही. बाईनं दिलेलं पाणी नको, बाईनं भरलेलं भांडं नको, काही म्हणजे काही नको.

आता गोची अशी, की गोवालला दिवसातून दोनदा सुई लागायची, आणि ती टोचायची रूपानं.

तीन वर्षांपूर्वी नवराबायको ऊस तोडायला गुजरातेत गेले होते. तिथं गोवाल बघता बघता वाळला. घागरभर पाणी प्यायचा आणि सारखा फडाच्या कडेला पळायचा. तो लघवीला बसायचा तिथं घटकाभरात मुंग्यांची रांग लागायची. एक दिवस मोळी डोक्यावर घेतलेलीच, तसाच खाली बसला. दवाखान्यात सांगितलं, साखर आहे, गोळ्यांनी भागायचं नाही, हयातभर इन्सुलिन टोचावं लागेल. रूपाला खरंच वाटेना. साखर म्हणजे ढेरपोट्या शेठ लोकांचं दुखणं! ज्याच्या बरगड्या लांबून मोजता येतात, वय पुरतं तीस नाही, त्याला कुठून साखर? पण सुई सुरू झाली आणि माणूस आठवड्यात उठून बसला. दगूबाईनं श्रेय दिलं देवाला. पोरगं वाचलं तर पाच होळ्या बुध्या करीन, असा तिचा नवस होता. झालं, गोवाल बुध्या झाला.

पहिल्या दोन होळ्या निभल्या. उपकेंद्रातला एक पुरुष कर्मचारी सकाळ-संध्याकाळ येऊन टोचून जायचा. यंदा त्याची बदली झाली आणि त्या जागी कुणी आलंच नाही. गोवालचं म्हणाल तर कोयत्यानं बोट कापलं तरी हूं की चूं न करणारा गडी, पण सुई बघितली की डोळे गच्च मिटून खांबाला धरायचा. शेवटी बुध्यांचा म्होरक्या करणसिंग म्हणाला, "मी टोचतो. बैलांना टोचतो, हा काय बैलापेक्षा अवघड आहे?"

रूपानं त्याला सगळं दाखवलं. सकाळी अठरा रेघा, संध्याकाळी दहा. बाटली कुठवर भरली आहे ते कळावं म्हणून तिनं पेनानं बाटलीवर निळी रेघ मारली. ओल्या वाळूच्या माठात ठेवायची, उन्हात नाही, हेही तीनतीनदा सांगितलं. करणसिंगनं तीनतीनदा मान हलवली.

त्या दिवशी दुपारी तिला राहवेना. ओढ्याच्या अलीकडं उभी राहून तिनं हाळी दिली, "करणदादा! सुई चालू आहे ना?"

"चालू आहे, चालू आहे!" पलीकडून करणसिंगनं हात हलवला. "जा, फुलं वाळत घाल."

ती फुलं वाळत घालायला गेली. पण मन कसं वाळत घालणार? संध्याकाळी ढोल घुमायला लागला, पंधरा जणांची घुंगरं एका तालात वाजायला लागली, आणि रूपाला त्यात सारखं वाटत राहिलं की एक घुंगरू मागं पडतंय.

चौथ्या दिवशी सकाळी ते घडलं. ओढ्यापलीकडं एकदम हशा उठला, मग आरडाओरडा. रूपा टोपली टाकून धावली. गोवाल झाडाच्या बुंध्याला टेकून ओकत होता. ओकायला पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी आणि पित्त. दोन्ही हातांनी पोट दाबून धरलेलं. करणसिंग त्याच्या तोंडाशी वाकला आणि झटक्यानं मागं सरला.

"प्यायलाय हा!" तो ओरडला. "तोंडाला वास येतोय. बघा, वास घ्या!"

एकेकानं येऊन वास घेतला. गोडसर, आंबूस, पिकून सडलेल्या फळासारखा वास. सबंध पाडा त्या महिन्यात मोहानं घमघमत होता. दारोदार फुलं वाळत होती, मडक्यात भिजत होती. नाकाला दुसरं काय सुचणार? सगळ्यांचं एकच मत पडलं, गोवालनं चोरून मोहाची चढवली.

"पालनीत दारू? थूः!" करणसिंगनं त्याच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप काढून घेतला. गोवालनं टोपाकडं हात केला, पण हात अर्ध्यातूनच खाली पडला. कुणीतरी त्याच्या कमरेची माळ सोडली. पोरंसोरं बघत होती. पाड्यातला एकही माणूस असा नव्हता ज्यानं ते बघितलं नाही.

रूपाच्या जिवाचं पाणी पाणी झालं. नवऱ्यानं तीन वर्षांत दारूचा थेंब घेतला नव्हता, हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं. ती ओढ्यात उतरली आणि मध्यावर थांबली. पाणी घोट्याएवढं, पण पुढं पाऊल टाकायचं म्हणजे नियम ओलांडायचा.

"करणदादा, तो प्यायला नाही! बाटली दाखव. सुईची बाटली!"

"बाटलीचं काय आता?"

"दाखव म्हणते ना!"

करणसिंगनं फांदीला लटकवलेली कापडी पिशवी काढली. माठ नाही, वाळू नाही, पिशवी चार दिवस उन्हात लोंबकळत होती. त्यानं बाटली वर धरली. औषध निळ्या रेघेला टेकलेलं होतं. बरोबर रेघेवर. चार दिवसांत एक थेंबही उतरला नव्हता.

"दादा, तू म्हणालास चालू आहे!"

करणसिंगचा चेहरा राखेखाली सुद्धा उतरलेला दिसला. "तोच म्हणाला, नको. म्हणाला, एकदाच खातोय, तेही पसाभर, मग साखर वाढणार कुठून? उपाशी माणसाला सुई कशाला? मला पटलं. तुला उगाच घोर कशाला म्हणून..."

उपाशी माणसाला सुई कशाला! रूपाला वाटलं, ओढ्यातला दगड उचलावा आणि आधी त्याच्या डोक्यात घालावा, मग गोवालच्या.

तेवढ्यात मागून दगूबाई धापा टाकत आली. हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा लोटा. "सरक! गेल्या पावसाळ्यात असाच पडला होता ना? साखर दिली आणि उठला. करणसिंग, हा गूळ घे, तुझ्या हातानं घाल त्याच्या तोंडात."

करणसिंगनं पुढं येऊन खडा घेतला. आणि रूपाला एकदम सुनिता आठवली. सुनिता पाड्याची आशाताई. गेल्या पावसाळ्यात निंदणीच्या दिवसांत गोवालनं सुई घेतली आणि न जेवता शेतात गेला. तिथं थरथरायला लागला, घामानं निथळला, काहीबाही बरळायला लागला. मूठभर साखर चारली, घटकाभरात ताळ्यावर आला. तेव्हा सुनितानं रूपाला समोर बसवून घोकून घेतलं होतं. ओला तर गूळ, कोरडा तर गाडी. घामानं ओला, थंड, थरथरतोय, तर साखर उतरली, लगेच गोड दे. आणि कोरडा ठणठणीत, तहानेलेला, ओकतोय, मोठमोठा श्वास घेतोय, तर साखर चढली. तिथं गोड द्यायचं नाही, घरी बसायचं नाही, गाडी शोधायची.

ओला की कोरडा? ओढ्यातून कसं कळणार? राखेनं माखलेलं अंग. लांबून सगळंच पांढरं दिसतं.

"दादा, थांब! गूळ घालू नको. त्याचं अंग बघ, ओलं आहे का?"

"राख आहे गं अंगाला, मला काय कळतंय!"

गोवालचे डोळे अर्धवट मिटले होते. छाती मात्र भात्यासारखी खालीवर होत होती. धावून आलेला माणूस घेतो तसे श्वास, खोल, सपाट्यानं, आणि हा तर बसल्या जागी. करणसिंगनं गुळाचा खडा त्याच्या ओठाशी नेला.

रूपानं ओढा ओलांडला.

"ए!" दहा-बारा गळे एकदम ओरडले. "रूपा! हात लावू नको! पाच होळ्यांचा नवस आहे!"

"सुने!" दगूबाई किंचाळली. "माझ्या पोराच्या जिवावर उठू नको! देवाचं आहे ते!"

 देवाची भीती रूपाला नव्हती असं नाही. उलट एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती. देव कोपला तर? आत्ता मेला तर सगळे म्हणतील, बायकोनं हात लावला म्हणून मेला. ती गुडघ्यांवर बसली, करणसिंगचा हात बाजूला ढकलला आणि आपला तळवा नवऱ्याच्या काखेत घातला. काख कोरडी. ओठ फुटलेले, जीभ आत लाकडासारखी. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहिली.

"कोरडा आहे," ती म्हणाली. मग ओरडलीच, "कोरडा आहे! झोळी करा! सुनिताला बोलवा कुणीतरी!"

कुणी हललं नाही.  मग करणसिंगनं हातातला गूळ फेकून दिला, आपल्या डोक्यावरचा टोप उतरवून झाडाला टांगला आणि बांबू तोडायला पळाला.

सुनिता आली तोवर चादरीची झोळी बांबूला बांधून झाली होती. तिनं गोवालचं बोट टोचून थेंब यंत्रावर घेतला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं "हाय" दाखवलं.

"म्हणजे?" रूपानं विचारलं.

"म्हणजे आकडा यंत्रात मावत नाही, इतकी आहे." सुनिता टेकाडावर चढली. तिथंच फोनला रेंज यायची. दोन मिनिटांत धापा टाकत खाली आली. "डॉक्टर म्हणाले, एक घटका सुद्धा घालवू नका. ही बाटली टोचू नका, उन्हात तापलीय, तिचा भरवसा नाही. शुद्धीत असला तर साधं पाणी घोटघोट द्या, पेंगायला लागला तर तोंडात काही घालू नका. कुशीवर ठेवा, ओकला तर श्वासात जाईल. चला!"

चार बुध्यांनी खांदा दिला. अनवाणी पाय, अंगाला राख, कमरेला भोपळे तसेच. डांबरी सडक दीड कोस खाली. रूपा झोळीला धरून धावत होती आणि दर दहा पावलांनी विचारत होती, "गोवाल, मी कोण?"

"रूपा," तो पुटपुटायचा. पुढं पुढं त्याला ते नाव जमवायला वेळ लागू लागला. अर्ध्या उतारावर तिनं विचारलं, तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला. रूपानं विचारणं सोडलं नाही. विचारलं नाही तर तो जाईल असं तिला वाटत होतं.

सडकेवर प्रेमचंदची जीप उभी होती. प्रेमचंद खालच्या सपाटीवरचा, होळीच्या दिवसांत अक्कलकुव्याच्या फेऱ्या मारायचा. त्यानं झोळीत डोकावून नाक दाबलं.

"हाऊ तं पेयेल शे! मोहना वास येई ऱ्हायना. मन्ही गाडीमा वकना तं कोन धुई? होळी शे, समदा पेयेल शेतस. आठेच सावलीमा झोपाडी द्या, उतरी जाई."

"दादा, पेयेल नही शे," रूपा हात जोडून म्हणाली. सपाटीची बोली तिला मोडकीतोडकीच यायची. "साखर शे त्याले. मरी जाई तो."

"साखर? हाऊ सुकेल काडीले साखर?" प्रेमचंद हसला.

रूपानं पदर सोडवला आणि ओकारीसाठी जीपच्या मागच्या बाकाखाली अंथरला. "वकना तं मन्हा लुगडावर वकी," ती म्हणाली. सुनितानं यंत्र त्याच्या नाकासमोर धरलं. प्रेमचंदनं यंत्राकडं बघितलं, गोवालच्या छातीकडं बघितलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"बठा. लवकर बठा. माय वं, हाऊ श्वास कसा लई ऱ्हायना!"

दगूबाई कुणी न बोलावता आत चढली. उतारभर ती मागून पळत आली होती, हे रूपाला तेव्हाच कळलं. पहिल्या वळणापर्यंत म्हातारी लांब कोपऱ्यात अंग चोरून बसली. दुसऱ्या वळणाला गोवालचं डोकं पत्र्यावर आपटलं. तेव्हा तिनं ते उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुढं होऊन त्याचा श्वास हुंगला आणि विचारलं, "सुई किती दिवस बंद?"

रूपाला रडूच फुटलं. सबंध सकाळभरात हा पहिला माणूस होता ज्यानं तो वास बरोबर ओळखला. "चार दिवस, बाई. दारू नाही प्यायला हो."

"दारू नाहीच ही. सुई नसली की साखर रक्तात नुसती साठते, अंगाला लागत नाही. मग अंग स्वतःची चरबी जाळत सुटतं, त्याचं आम्ल होतं. वास त्याचा, ओकारी त्याची, आणि हा श्वासही त्याचाच."

"उपास होता म्हणून सुई घेतली नाही त्यानं."

"उपास असो, ओकारी असो, याची सुई पूर्ण बंद करायचीच नाही. कमी किती करायची ते विचारायचं. बंद नाही." त्या बोलत होत्या आणि हात चालत होते. दोन्ही हातांत सलाईन लागलं. एक बाटली बघता बघता रिकामी झाली, दुसरी लागली. इन्सुलिन आता दंडात नाही, नळीतून थेंबाथेंबानं. "चोवीस तास कठीण आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई करून चालत नाही. साखर एकदम खाली ओढली तरी धोका. पोटॅशियम घसरलं तर काळजाचा ठोका चुकतो. तेही बघत राहावं लागेल."

मग बोट टोचणं सुरू झालं. दर तासाला सिस्टर यायची, आकडा सांगायची, कागदावर लिहायची. रूपाला सुईवरच्या रेघांमुळं आकडे कळायचे. पाचशे साठ. पाचशे दहा. चारशे चाळीस. ती खाटेखाली फरशीवर बसून होती आणि तिच्या डोक्यात नको ते येत होतं. आपण याला तीन वर्षांत सुई शिकवली का नाही? तो घाबरतो, हे खरं. पण एकदा, पहिल्याच वर्षी, त्यानं हात पुढं केला होता. म्हणाला होता, दे, बघतो. आणि ती म्हणाली होती, राहू दे, तुला नाही जमायचं. का म्हणाली होती? ऊसतोडीच्या टोळ्यांतले गडी बायका टाकून निघून जातात, हे तिनं पाहिलं होतं. सुई तिच्या हातात असली तर हा तिला सोडून कुठं जाणार नव्हता. एवढंच कारण. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

दिवे लागायच्या वेळी आकडा दोनशे तीस झाला. सिस्टरनं नवी बाटली आणून टांगली. रूपानं विचारलं, "ही कसली?"

"ग्लुकोज."

"साखर?" रूपा ताडकन उठली. "साखरेच्या माणसाला साखर? काढा ती! सकाळी याच्या तोंडातला गूळ काढलाय मी!"

"अगं, बस. साखर उतरली, पण आम्ल अजून आहे. ते जायला इन्सुलिन चालूच ठेवावं लागतं. नुसतं इन्सुलिन दिलं तर साखर जास्त उतरेल आणि हा थरथरत पडेल. म्हणून आता दोन्ही संगं. तू सकाळी केलंस तेही बरोबर, मी करते तेही बरोबर."

रूपा बसली. पण थेंब पडताना दिसला की तिचा जीव वरखाली व्हायचा. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, विचारण्यासारखंही नाही. उजाडताना गोवालचा श्वास हळू झाला. इतका हळू, की रूपानं घाबरून त्याच्या नाकाखाली बोट धरलं. गरम वारा लागला. त्यात कसलाच वास नव्हता.

"रूपा," तो म्हणाला. "मी बुध्या आहे. तू इथं कशी?"

तिसऱ्या दिवशी करणसिंग आला. होळी होऊन गेली होती. त्यानं अंघोळ केली होती, पण कानामागं राख राहिली होती. तो खाटेपासून लांब, दाराशी उभा राहिला. बोलायला त्याच्या जिवावर आलं होतं, हे दिसत होतं.

"पाड्यात बोलणं झालं," तो म्हणाला. "गोवालची पालनी मोडली. त्याच्या पाच होळ्या आता पहिल्यापासून. आणि जिचा हात आधी लागला, तिनं पुढच्या होळीला सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं. पालनी मी मोडली म्हणून."

रूपानं मान खाली घातली. हे येणार, हे ठाऊकच होतं. जीव वाचला, त्यापुढं हे काय! असं तिनं मनाला समजावलं, तरी ते चित्र डोळ्यांपुढं आलंच. सगळा पाडा. सगळ्या बायका. म्हाताऱ्या हातवारे करून सांगतील, हीच ती.

"मी राहीन उभी," दगूबाई म्हणाली.

करणसिंगला कळेना. "काकी, तुझं काय?"

"आधी हात मी लावला."

"काकी, मी तिथंच होतो की. तू तर गूळ घेऊन..."

"तुला नीट दिसलं नसेल." म्हातारीची नजर हलत नव्हती. "त्याची आई आहे मी. आधी हात माझाच लागायला पाहिजे होता. मी गूळ घेऊन उभी राहिले आणि ओरडत बसले. हिनं लावला म्हणून पोर आहे. होळीपुढं मी उभी राहीन. म्हणेन, मी मोडली. कुणाला काय विचारायचं ते मला विचारा."

रूपानं सासूचे पाय धरले आणि हमसून हमसून रडली. दगूबाईनं तिला उठवलं नाही, पण तिच्या पाठीवरचा हातही काढला नाही.

 "मग मीही उभा राहतो," करणसिंग म्हणाला. "चालू आहे म्हणून हात मी हलवला होता." आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दुपारच्या जेवणाआधी सिस्टर सुई भरून घेऊन आली. रूपानं सवयीनं हात पुढं केला.

"पाच होळ्या पहिल्यापासून म्हणाला ना तो?" गोवालनं विचारलं.

"हो."

"मग तुझ्या हातानं कसं चालेल? मला दे."

"राहू दे. तुला..." रूपा बोलता बोलता थांबली. तिनं हात मागं घेतला आणि सिस्टरला म्हणाली, "त्याला द्या."

सिस्टरनं त्याला पोटाची चिमूट कशी धरायची ते दाखवलं. गोवालनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. कपाळावर घाम आला, सुई एकदा मागं घेतली, परत नेली. मग सुई आत गेली. त्यानं अंगठा दाबला, मनात दहा मोजले आणि बाहेर काढली. रक्ताचा टिपूससुद्धा आला नाही. तो पोटाकडं बघत राहिला, मग त्यानं बायकोकडं बघितलं.

"एवढंच असतं?" त्यानं विचारलं.

 एवढंच असतं, हे रूपाला तीन वर्षं ठाऊक होतं.